सुतळीनं विकलं काय?

रकाना १. घटना (थोडक्यात लिहावी)

तीन माणसं एकाच सकाळी उचलली गेली, परक्या देशातल्या तीन वेगवेगळ्या गावांतून. पहिल्याच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. दुसरी वर्गात हजेरी घेत होती. तिला हजेरीसुद्धा पुरी करू दिली नाही. तिसरा हातपाय धुऊन नुकता जेवायला बसला होता. चौथ्या गावात चौथं दार वाजलं, पण तिथे हवा तो माणूस मिळाला नाही.

चार गावं चार दिशांना, आणि या चौघांनी एकमेकांचं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना बांधणारी गोष्ट एकच होती. ते सगळे वर्षानुवर्षं शेजारच्या सरकारला गुपचूप बातम्या पोचवत होते.

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी, त्याच परक्या देशाच्या राजधानीत, एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत एक फरारी माणूस खोकून खोकून मेला. पाच वर्षांपूर्वी हाच माणूस शेजारच्या सरकारच्या गुप्तवार्ता कचेरीतून कागदांचं गाठोडं घेऊन पळाला होता.

"आधी तोंड उघडलं, मग डोळे मिटले," असं कचेरीतले लोक चहा पिता पिता म्हणू लागले.

साहेबांनी दप्तरबाईंना बोलावून घेतलं. बाईंना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. कचेरीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी कधी हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"त्रेचाळीस माणसं होती आपली तिकडे," साहेब म्हणाले. "चार दारं वाजली. राहिली एकोणचाळीस. त्यांना काढायचं म्हणजे घर, दुकान, म्हातारे आईबाप सगळं मागे टाकून एका पिशवीनिशी काढायचं. त्या पळपुट्यानं सगळी नावं दिली असतील, तर आजच काढायला हवं. नसतील दिली, हे तिघं आपल्याच चुकीनं सापडले असतील, तर एकोणचाळीस संसार मी विनाकारण मोडणार."

"मग माझं काय काम?"

"त्याला तुम्ही शिकवलंत. त्याचं सामान घ्यायला नातेवाइकाला यायची परवानगी दिलीय त्यांनी. तुम्ही मावशी म्हणून जा."

"मावशी? शोभेन का मी?"

"बाई, पासपोर्टावरच्या फोटोत तुम्ही आजी शोभाल."

साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. सात रकाने होते. सहाव्यात प्रश्न होता: *फरारी इसमाकडील गोपनीय माहिती परकीय शासनाच्या हाती गेली काय?* खाली दोन चौकोन. होय. नाही.

"आणि तो चौथा? निसटला?"

"निसटला असेल. नावं तुम्हाला लागणार नाहीत. तुम्ही आता बाहेरच्या."

बाई कागद घेऊन बाहेर आल्या, तर बाकावर त्या पळपुट्याची थोरली बहीण बसलेली. शिवणकाम करायची. पासपोर्टासाठी तिचा चौथा अर्ज फेटाळल्याचं पत्र तिच्या हातात होतं.

"तुम्हाला मावशी केलं म्हणे," ती म्हणाली. "आमच्या आईला बहीणच नव्हती."

बाईंनी छापील कागदाची घडी घातली.

"सामान राहू द्या तिकडेच. विकलं की नाही विकलं, एवढं मला आणून द्या."

रकाना २. इसमाची ओळख (एका ओळीत)

एका ओळीत मावणारा माणूस नव्हता तो, अंगानं मावला असता तरी. इतका बारीक, की कचेरीत त्याला सुतळी म्हणायचे. दुसरं कारण म्हणजे दप्तरखान्यातलं प्रत्येक बाड तो सुतळीनं बांधायचा, आणि गाठ अशी मारायचा की फक्त त्यालाच सुटायची.

दप्तरखान्यात दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे फायली. त्या कपाटांत, गावानुसार लावलेल्या, आणि त्या सुतळीकडे. दुसरी नोंदवही, जाड काळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात माणसं ज्या क्रमानं कामाला लागली त्या क्रमानं नावं. ती बाईंच्या खणात, आणि खणाची किल्ली बाईंच्या कमरेला.

माणूस मेला, थकला किंवा फिरला, की ते फायलीत लिहायचं आणि फाईल उचलून 'बंद' कपाटात ठेवायची. नोंदवहीला हात लावायचा नाही. नोंदवहीत खाडाखोड नाही, हा बाईंचाच दंडक. एका रेघेवरून त्यांनी एका कारकुनाला रडवलं होतं.

"बाई," सुतळी म्हणायचा, "तुमच्या वहीत भरती व्हायला हवं. तिथे कुणी मरतच नाही."

"तोंड कमी, काम जास्त," बाई म्हणायच्या. पण त्या हसायच्या, हेही खरं.

तो पळाला तेव्हा बाईंना वाटलं, आपल्या घरात चोरी झाली. महिन्याभरात त्यानं नेलेले कागद एका वर्तमानपत्रात आले. कचेरी आपल्याच माणसांचे फोन चोरून ऐकत होती: डॉक्टरांचे, मास्तरांचे, भांडून माहेरी आलेल्या मुलींचे. अर्ध्या देशानं त्याला शूर म्हटलं, अर्ध्यानं गद्दार. मग लोकांना दुसरे विषय मिळाले.

बाईंनी मात्र गेल्या पाच वर्षांत त्याचं नाव घेतलं नव्हतं. कुणी काढलंच, तर त्या उठून जायच्या.

रकाना ३. साक्षीदार पहिला

"या मावशी, या! प्रवास सुखाचा झाला ना? भाचा गेला, फार वाईट झालं. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, अगदी शंभर टक्के."

हा त्या सरकारनं सुतळीला नेमून दिलेला दुभाष्या. पाच वर्षं त्याच्याबरोबर असलेला. बाईंची भाषा छान बोलायचा. फक्त म्हणी पेरायची हौस होती आणि त्या कुठेही उगवायच्या.

कचेरी लहान, टेबल मोठं. खिडकीत कुंडी, कुंडीत काडी. बाईंनी बॅग मांडीवर घेतली.

"त्यानं तुम्हाला काय काय दिलं?"

दुभाष्या हसला. "मावशी एकदम मुद्द्यावर! बरं, उघडच विचारता तर उघड सांगतो. सगळं दिलं. नावं, गावं, सगळं. आम्हाला काय, दे माय धरणी ठाय झालं."

"कागद दिले, की तोंडी सांगितलं?"

"कागद. गठ्ठेच्या गठ्ठे."

"बांधलेले होते?"

"अर्थात! सरकारी कागद. लाल फितीत, व्यवस्थित."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अशा पाहण्यानं तीस वर्षं कारकून खरं बोलायला लागत आले होते.

"त्यानं लाल फीत जन्मात वापरली नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं बाड तुम्ही पाहिलेलंच नाही. हो ना?"

दुभाष्यानं कुंडीतल्या काडीकडे पाहिलं. उठून दार लावून घेतलं. परत बसला तेव्हा म्हणी संपल्या होत्या.

"मावशी, मला दोन मुली आहेत. पाच वर्षं मी दर महिन्याला वर लिहून पाठवलं, 'प्रगती समाधानकारक आहे.' शून्य लिहिलं असतं तर मला सीमेवरच्या चौकीत टाकलं असतं. तो माझ्यासमोर बसायचा, चहा प्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा. एकदा मी पाया पडलो त्याच्या. म्हटलं, काहीतरी दे रे, एखादं जुनं, मेलेलं. म्हणाला, 'मेलेलं तर मुळीच नाही देणार, त्यांना आता कोण सांभाळणार?'"

"मग ही चार नावं?"

"वरून आली. कुठून, ते मला कोण सांगतंय? ती आली आणि मी 'प्रगती झाली' म्हणून पेढे खायला मोकळा झालो असतो, पण फजिती झाली ना." त्यानं खणातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "आमच्या पोलिसांचं हसं झालंय गावभर. हे वाचा. म्हणजे, मी वाचतो. एक घड्याळजी. एक शाळेतली शिक्षिका. एक बोटीवरचा मिस्त्री. आणि चौथा गुरांचा डॉक्टर. त्याचं दार फोडलं, तर आत त्याची बायको. म्हणाली, 'या, बसा, त्यांना भेटायचं असेल तर दफनभूमीत जावं लागेल.' मेला, मावशी! सात वर्षांपूर्वीच मेलाय तो!"

घड्याळजी, शिक्षिका, मिस्त्री, गुरांचा डॉक्टर.

बाईंनी बोटांवर चार मोजले. 

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "त्याच क्रमानं."

रकाना ४. साक्षीदार दुसरा

घरमालकीण जिन्याखालच्या खोलीत बटाटे सोलत होती. दुभाष्या मध्ये बसून सांगत होता. बाईंचे प्रश्न लहान होते. उत्तरं अशी:

— हो, दर सोमवारी मी ठाण्यावर जाऊन सांगायची. काय खाल्लं, कोण आलं, दिवा किती वाजता मालवला. त्याला ठाऊक होतं. सोमवारी जिन्यात भेटला की म्हणायचा, "आज माझ्याबद्दल काहीतरी बरं सांगा हो."

— कुणीही नाही. पहिल्या वर्षी म्हणे मोठी मोटार यायची, फुलं घेऊन. मग नुसतीच मोटार. मग तीही बंद झाली. आधी नदीकाठी फ्लॅट दिला होता त्याला, तोही काढून घेतला. तेव्हा माझ्याकडे आला.

— झडत्या? अकरा. मी मोजल्यात, कारण दर वेळी गादी उसवायचे आणि मलाच शिवावी लागायची. शेवटची तो जायच्या आधी पंधरा दिवस. अंगात ताप, तरी उठवलं. मिळालं असतं काही, तर अकराव्यांदा कशाला आले असते? तुम्हीच सांगा.

— खाली लाँड्रीत काम करायचा. कपड्यांना चिठ्ठ्या लावायचा. एवढ्या वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याकडे गेला नाही. मालक रडला त्याच्यासाठी. मालक स्वतःच्या सासऱ्यासाठी रडला नव्हता.

— बोलायचा तोडकंमोडकं. एकदा म्हणाला, एक माणूस मेला, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि मीच त्याला या कपाटातून उचलून त्या कपाटात ठेवलं. बरोबर कुणी नव्हतं. मला वाटलं, प्यायलाय. पण तो पीत नसे.

— जनावरांचा डॉक्टर होता म्हणाला. गाईंना नावानं हाका मारायचा, असं म्हणे त्या कागदात लिहिलं होतं. ते सांगताना याला हसू यायचं आणि मग यायचं नाही.

— थांबा, तेच सांगतेय. तो पेपर आला ना, पोलीस मेलेल्याच्या घरी गेले तो. मी त्याला वाचून दाखवला. हसेल म्हटलं. तो पांढरा पडला. उठला, बूट चढवले. अहो, ताप होता! कोट खाली धुवायला टाकलेला, तसाच गेला. तुमच्या वकिलातीत. गेटवर तीन तास उभा होता. थंडी किती, पाण्याचे नळ फुटले त्या दिवशी. आत घेतलं नाही. परत आला तेव्हा त्याला स्वतःला जिना चढता येईना.

— एवढंच म्हणाला, "त्यांना सांगायला हवं, ते माझ्याकडून नाही गेलं." मी म्हटलं, आता मरताना अब्रूची कसली काळजी? तर चिडला. म्हणाला, "अब्रू नाही. अजून एकोणचाळीस आहेत."

— मी सांगितलं नाही हे ठाण्यावर. त्या सोमवारी गेलेच नाही.

— एक विचारू? तुम्ही खरंच त्याच्या मावशी? नाही, वाटत नाही. मावशी एव्हाना रडली असती.

रकाना ५. (कार्यालयीन उपयोगासाठी. इथे लिहू नये.)

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बाई बसल्या होत्या, पायाशी सुतळीची पेटी: दोन शर्ट, एक चष्मा, चिठ्ठ्यांचा पुडका. त्यांनी प्रपत्र काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, जिथे लिहू नये म्हटलं होतं तिथे पेन्सिलीनं लिहायला घेतलं.

*ज्यानं ही चार नावं दिली, त्याला गुरांचा डॉक्टर मेल्याचं ठाऊक नव्हतं. सुतळीला ठाऊक होतं. त्याची फाईल त्यानंच बंद कपाटात नेली. म्हणजे देणारा सुतळी नव्हे.*

*फायली पाहून कुणी नावं काढली असती, तर एका गावची माणसं एकत्र आली असती, आणि मेलेला आलाच नसता. चार नावं चार गावांची आली, मेलेला जिवंत होऊन आला. म्हणजे नावं फायलींवरून नव्हे, नोंदवहीवरून घेतली गेली. नोंदवहीत कुणी मरत नाही.*

पेन्सिल थांबली. पुढचं लिहायला नको होतं. पुढचं त्यांना दुभाष्याच्या टेबलापाशीच कळलं होतं. त्या फक्त इथपर्यंत चालत आल्या होत्या.

सुतळी पळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी फायलींच्या सगळ्या कपाटांना सील ठोकलं. वरून हुकूम आला: त्यानं नावं नेली असोत वा नसोत, धोक्यात येऊ शकतील अशा सगळ्या माणसांची यादी हवी, अकरा दिवसांत. फायली मिळणार नव्हत्या. कमरेच्या किल्लीनं बाईंनी खण उघडला आणि नोंदवहीवरून यादी केली. नाव, धंदा, गाव. ही माणसं एका कागदावर यापूर्वी कुणीही, कधीही उतरवलेली नव्हती. नोंदवहीतसुद्धा ती शंभर पानांवर पसरलेली, गेलेल्या-सोडलेल्यांच्या गर्दीत. बाईंनी त्यांना वेचून काढलं. ज्यांच्या बातम्या अजून येत असल्याचं आठवत होतं ते ठेवले. त्रेचाळीस. सुवाच्य टाईप केले. सात प्रती.

पहिल्या चार ओळी: घड्याळजी. शिक्षिका. बोटीवरचा मिस्त्री. गुरांचा डॉक्टर.

चोर घरात शिरला म्हणून काय काय चोरीला जाईल याची यादी करावी, आणि चोरानं नेलं नाही ते त्या यादीनं न्यावं.

आणि आणखी एक. यादीच्या दोन वर्षं आधी, एका दुपारी, सुतळी त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. "बाई, आपला गुरांचा डॉक्टर गेला हो." बाई सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं. बंद कपाटात ठेव." तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. आणखी काहीतरी ऐकायचं असल्यासारखा. मग गेला.

तेवढं जरी मनात राहिलं असतं.

प्रतीक्षागृहात समोरच्या बाकावर एक बाई लहान मुलीची वेणी घालत होती. दप्तरबाई मोठ्यानं रडल्या. मुलीनं विचारलं असावं काहीतरी. आईनं तिचं तोंड दुसरीकडे वळवलं.

रकाना ६. निष्कर्ष (होय / नाही)

साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सातवी प्रत," ते म्हणाले.

"कुठे आहे?"

"गेल्या वर्षी मित्रराष्ट्राच्या कचेरीला दिली. 'अशा प्रसंगी नुकसान कसं मोजावं' म्हणून अभ्यासाला. त्यांनी आपलं कौतुक केलं होतं, बाई. त्यांच्याकडून पुढे कुठे गेली, मला काय माहीत? सही माझी आहे."

"हात दाखवून अवलक्षण."

"हं."

"तो आपल्या वकिलातीच्या गेटवर तीन तास उभा होता, साहेब. हेच सांगायला."

"नोंद आहे," साहेब म्हणाले. "फरारी इसम आला, प्रवेश नाकारला. मी वाचली होती ती नोंद. वाटलं, माफी मागायला आला असेल."

 बाहेर कुणीतरी खुर्ची फरफटत नेली.

"आता ऐका," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "सहाव्या रकान्यात तुम्ही 'होय' लिहिलंत, तर नियमानं मला आज दुपारी हुकूम काढता येतो. फरारी माणसानं नावं फोडली, माणसं काढा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही हे खरं लिहिलंत, तर गळती कचेरीतून. मग चौकशी समिती. समितीचा निकाल लागेपर्यंत सगळे हुकूम बंद. आणि माझ्या हातात काही राहणार नाही."

"किती दिवस?"

"मागच्या समितीला चौदा महिने लागले."

"ते पाचवं दार चौदा महिने थांबणार नाहीत वाजवायला."

"नाही थांबणार. मेलेल्यावर फसले म्हणून सध्या यादी तपासत असतील. पंधरा दिवस. फार तर महिना."

"तुम्ही आपणहून हुकूम काढा. स्वतःच्या जबाबदारीवर."

"कारण लागतं, बाई. काय लिहू? सातवी प्रत लिहिली की तासाभरात ही खुर्ची दुसऱ्याची, आणि तो आधी समितीच नेमणार. मी भित्रा आहे, कबूल. पण मी शूर असतो तरी दारं दोनच होती, आणि ती दोन्ही तुम्हाला दाखवली मी."

बाईंनी पेन उघडलं. तीस वर्षं त्यांनी एका रेघेवरून माणसं रडवली होती.

"एका अटीवर. या वेळी यादी करायची नाही. कुठल्याही कागदावर नाही. एकाला एक माणूस पाठवायचा, तोंडी."

"कबूल."

"आणि त्याच्या बहिणीला मी खरं सांगणार."

साहेबांनी चष्मा परत चढवला आणि प्रपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. 

बाईंनी 'होय'च्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. पाचव्या रकान्यातलं सगळं त्यांनीच खोडरबरानं पुसलं, शब्द न् शब्द, आणि कागदावरचा चुरा तळहातानं झाडला.

रकाना ७. शेरा

एकोणचाळीसपैकी अडतीस माणसं आली. एक म्हातारी आली नाही; म्हणाली, कोंबड्यांना कोण बघणार? साडेतीन आठवड्यांनी सरकारनं जाहीर केलं की फरारी इसमानं परक्या सरकारला नावं विकली होती, पण वेळीच पावलं उचलल्यानं बहुतेकांचे जीव वाचले. रेडिओवर सकाळच्या बातम्यांत ही तिसरी बातमी होती.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला बाई त्याच्या बहिणीकडे गेल्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कोपऱ्यात उंच आरसा, दोरीला अर्धवट कपडे. बहिणीनं रेडिओ बंद केलेला होता. बाईंनी पेटी दाराशी ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यादी, सात प्रती, गेट, तीन तास, कोट. 'होय'वरची खूणही.

बहीण ऐकत होती. ऐकताना हातातला दोरा बोटाभोवती गुंडाळत होती. बोट जांभळं पडलं तेव्हा तिनं तो सोडला.

"म्हणजे त्यानं विकलं नाही."

"नाही. चहाच्या घोटाएवढंही नाही."

"आणि तुम्ही लिहिलंत, विकलं."

"हो."

"ती अडतीस माणसं... त्यांच्याबरोबर लेकरं आहेत?"

"आहेत. दोन तान्ही."

बहीण खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मी आत्ता बाहेर जाऊन ओरडले, की माझ्या भावानं विकलं नाही, तुमच्या कचेरीनं घालवलं. तर?"

"तर तिकडच्या तिघांवर अजून खटला चालायचाय. यादी खरी आहे, आमचीच आहे, असं आम्हीच सांगितल्यासारखं होईल. सध्या त्यांचा वकील म्हणतोय, मेलेला माणूसही जिच्यात आहे ती यादी विकणाऱ्यानं पैशासाठी रचलेली, खोटी."

"म्हणजे ओरडायचं नाही."

बाईंनी मान हलवली.

"पाच वर्षं मी लोकांशी भांडले, बाई. माहीत नव्हतं तरी भांडले. बाजारात भांडले, नळावर भांडले, नवऱ्याशी भांडून त्याला घालवला. कारण माहीत नव्हतं. आज माहीत झालं तर तुम्ही म्हणता गप्प बस." तिचा आवाज चढला नाही. "मला नसतं सांगितलं तर मी भांडत तरी राहिले असते. तुम्ही मला सांगायला नाही आलात. तुम्हाला एकटीला झेपेना म्हणून आलात."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच आहे ते."

"मग बसा. आलात तर बसा."

बाई स्टुलावर बसल्या. तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक आत आलं. पलीकडच्या गल्लीतल्या, ठसठशीत, हातात पिशवी.

"झालाय का गं माझा झगा? रविवारी लग्नाला जायचंय. अगं बाई, पाहुण्या आल्यात वाटतं." त्यांनी अर्धवट शिवलेला झगा अंगावर चढवला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. "सकाळी ऐकलंस ना? मी म्हणत नव्हते? तू माझ्याशी भांडलीस तेव्हा. विकलंच शेवटी तुझ्या भावानं. आता राग नको मानूस, तुझा काय दोष? तुझ्या हाताला तोड नाही म्हणून मी येते, नाहीतर लोक काय काय बोलतात..."

बहिणीनं टाचण्यांची डबी उघडली. एकेक टाचणी काढून ओठांत धरली, पाच-सहा, डोकी बाहेर, टोकं आत. मग हातानंच खूण केली: हात वर करा.

गिऱ्हाइकानं हात वर केले, आणि बोलणं चालूच ठेवलं. "किती दिले असतील गं त्याला? कमी नसतील. आणि मेला तो लाँड्रीवरच्या खोलीत म्हणे. देवाच्या घरी न्याय असतो तो असा. काय गं, बोलत का नाहीस? आज तोंडाला कुलूप?"

बहिणीनं तोंडातली टाचणी काढून खांद्याच्या शिवणीत लावली. मग दुसरी काखेत. मग पाठीवर दोन. दप्तरबाई स्टुलावर बसून बघत होत्या. ओठांतल्या टाचण्या संपत आल्या, तसा तिनं डबीकडे हात नेला आणि आणखी घेतल्या.